चौथ्या जागेवरची पायरी

परोपकाराचं पुण्य अंतराच्या प्रमाणात वाढतं, ही गोष्ट आता जाणकार मंडळींत वादाची राहिलेली नाही. शेजाऱ्याचं कुंपण ठोकून दिलं तर तो शेजारधर्म; त्याबद्दल फार तर मक्याची चार कणसं मिळतात. तेच कुंपण पुढच्या जिल्ह्यात असेल तर ती मदत होते. आणि दोन-तीन राज्यं ओलांडून, ज्याचं कधी तोंडही पाहिलं नाही अशा माणसाचं कुंपण ठोकलं, की ती सेवा होते. तिच्याबद्दल रविवारी भर देवळात उभं राहून साक्ष देता येते. याच हिशेबाने उलटं मोजत घरापर्यंत आलं, तर घरातल्या कामाचं अंतर शून्य, म्हणून पुण्यही शून्य. त्याला कटकट म्हणतात.

एल्डन क्रेब्ज हा या शास्त्राचा निष्ठावंत. नेब्रास्कात धान्याच्या कोठारांची यंत्रं सांभाळण्यात त्याचा जन्म गेला. निवृत्त झाल्यावर त्याने घर विकलं, एक लांबलचक मोटारघर घेतलं, आणि बायकोला, म्हणजे आर्विलाला घेऊन 'चाकांवरचे सेवेकरी' या संस्थेत नाव घातलं. या संस्थेत निवृत्त जोडप्यांनाच प्रवेश मिळतो. ती आपापल्या मोटारघरांतून गावोगावच्या बायबल शिबिरांवर जातात आणि तिथली मोडतोड दुरुस्त करतात. मोबदल्यात त्यांना गाडी लावायला सपाट जागा, पाणी, वीज आणि देवाचा आशीर्वाद मिळतो. (यांपैकी वीज अधूनमधून जाते.)

संस्थेच्या मेळाव्यात अभिमानाने सांगतात की एका सेवेकऱ्याच्या हातून हंगामात सरासरी अकरा नळ, चार छपरं आणि एक अंगठा दुरुस्त होतो. अंगठा त्याचा स्वतःचाच असतो, आणि त्याच हंगामात फुटलेला असतो. काम कधी संपत नाही, कारण ते संपू नये अशी व्यवस्था आहे. आर्कान्सासच्या डोंगरातल्या ज्या शिबिरावर क्रेब्ज जोडपं दर उन्हाळ्यात येई, तिथल्या भोजनगृहाचं दार आयोवाच्या सेवेकऱ्यांनी डावीकडे उघडणारं केलं होतं. मग इंडियानाच्या सेवेकऱ्यांनी ते उजवीकडे वळवलं. एल्डनने आल्या आल्या पाहिलं, मान हलवली, "कुणी केलं हो हे?" म्हणाला, आणि पुन्हा डावीकडे केलं. दाराची तक्रार नव्हती.

अशा माणसाच्या मोटारघराची पायरी मोडलेली असावी, यात नवल काहीच नाही. मोडलेली नसती तर संशय घ्यायला जागा होती.

ती घडीची पायरी होती. तिची एक बिजागरी वसंतात तुटली. एल्डनने तिच्याखाली दुधाच्या बाटल्यांचा प्लास्टिकचा क्रेट पालथा घातला आणि सांगितलं, "तात्पुरतं आहे." जगातल्या बहुतेक टिकाऊ वस्तूंचा जन्म याच शब्दाने होतो. आर्विलाचा खुबा मागच्या हिवाळ्यातच बदललेला. कुणी हात धरला तरच तिला त्या क्रेटवरून उतरता येई, आणि हात धरणारा सकाळीच दुसऱ्यांचे नळ धरायला निघून जाई.

"एल्डन, पायरी."

"हो गं, डोक्यात आहे माझ्या."

"डोक्यात कशाला? दाराखाली हवी आहे."

"या आठवड्यात बघ. देवळाचा उतार तेवढा होऊ दे."

देवळाचा उतार म्हणजे, गुडघे दुखणाऱ्या म्हाताऱ्यांना दोन पायऱ्या चढायला लागू नयेत म्हणून एल्डन बांधत असलेला लाकडी रस्ता. त्याला दोन्ही बाजूंनी कठडा होता, आणि तळहाताला कुसळ लागू नये म्हणून एल्डनने तो पाच वेळा घासला होता. आलं-गेलं माणूस त्याच्यापाशी उभं राहून म्हणे, "किती विचार केलाय हो म्हाताऱ्या माणसांचा!"

आर्विलाला त्या देवळातच जायचं होतं, तेही रविवारी संध्याकाळी. त्या वेळी तिथे लेमुएल पादरीबाबा प्रवचन गात. हो, गात. सुरुवात साधी बोलण्यातच व्हायची. पीक-पाणी, कुणाची गाय, कुणाचं बाळंतपण. मग कुठल्या तरी वाक्यावर आवाज पायरी-पायरीने वर चढे, प्रत्येक ओळीच्या शेवटी श्वासाचा ठेका पडे, समोरची माणसं "आमेन" म्हणून झेलत, आणि थोड्या वेळाने बोलणारा कोण नि ऐकणारा कोण हे कुणाला उमगत नसे. ज्याने असं प्रवचन एकदा ऐकलं, त्याला नुसतं बोललेलं प्रवचन म्हणजे मिठावाचून उकडलेला बटाटा. आर्विला लहानपणापासून यावरच वाढलेली. घर विकायला तिने होकार दिला तो याच शिबिराच्या भरवशावर. बाबा आता फार थकले होते. हा उन्हाळा शेवटचा, असं त्यांनीच जाहीर केलं होतं.

आणि आर्विला हा शेवटचा उन्हाळा खिडकीतून ऐकत होती. आवाज चढायला लागला की नेमकं शेजारच्या गाडीचं थंड हवेचं यंत्र घुरघुरू लागे. एल्डन त्या वेळी देवळातच असे. तासभर आधी जाऊन पंखे आणि कर्णे नीट चालतात की नाही, हे पाहायचं काम त्याच्याकडे होतं.

शेवटी एका सोमवारी, शेजारच्या जोनेलचा हात धरून आर्विला सकाळच्या प्रार्थनेला गेली. तिथे ज्याला जी अडचण असेल ती सांगायची, आणि सगळ्यांनी मिळून तिच्यासाठी प्रार्थना करायची, अशी पद्धत आहे. कुणाच्या भाचीचं ऑपरेशन, कुणाच्या नातवाचं व्यसन, असं सांगून झालं. मग आर्विला म्हणाली, "आमची पायरी मोडली आहे. मला पडायची भीती वाटते."

सगळे हळहळले. सगळ्यांनी डोळे मिटले. सर्वांत कळवळून प्रार्थना एल्डननेच केली. "हे प्रभू," तो भरल्या गळ्याने म्हणाला, "या पायरीसाठी तू कुणाला तरी पाठव."

मग "आमेन" म्हणून त्याने हत्यारांची पेटी उचलली आणि तो होड्यांची मांडणी दुरुस्त करायला गेला.

"बाई गं," परत येताना जोनेल म्हणाली, "तुझं आत्ताच सुरू झालंय. आमच्या न्हाणीचं दार दोन वर्षं प्रार्थनेतच आहे. आता त्याची माया जडलीय मला."

आर्विला हसली नाही. ती तशीच शिबिराचा व्यवस्थापक टॅकेट याच्या कचेरीत गेली.

"टॅकेटभाऊ, चौथ्या जागेवर एक म्हातारी राहते. दिवसभर एकटी असते. तिची पायरी मोडली आहे."

"अरेरे! नवरा नाही का तिला?"

"आहे. सेवेत असतो."

टॅकेट हा नियमांवर मनापासून प्रेम करणारा माणूस. सेवेकऱ्याने स्वतःच्या घराचं काम केलं तर ते सेवेत धरायचं नाही, असा संस्थेचा स्पष्ट नियम होता. त्याने खिडकीबाहेर पाहिलं. मोटारघराला पाटी नेब्रास्काची होती. म्हणजे ती वस्तू नेब्रास्काची. एल्डन मात्र सकाळपासून पायांनी आर्कान्सासच्या जमिनीवर उभा असतो. तेव्हा त्याने तिथे जाऊन काम केलं, तर ते एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जाऊन केलेलं काम ठरतं. अंतराचा प्रश्न मिटला.

"ताई," तो म्हणाला, "त्या म्हातारीला सांगा, उद्या माणूस येईल."

दुसऱ्या दिवशी कामं वाटताना त्याने जाहीर केलं, "एल्डन, एक वृद्ध बाई आहे. एकटी असते. दारातून खाली उतरता येत नाही बिचारीला."

एल्डनच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. "कुठे?"

"चौथी जागा."

"ती तर आमची—"

"नेब्रास्काची गाडी," टॅकेट म्हणाला, आणि पुढच्या कामाकडे वळला.

एल्डनने जन्मात कधी नियम मोडला नव्हता. लाभार्थ्याकडे गाडीने जायचं, असा नियम होता. म्हणून हत्यारांच्या खोलीतून चार ढांगांवर दिसणाऱ्या आपल्या दाराशी जायला त्याने शिबिराची छोटी विजेची गाडी काढली, तळ्याला पूर्ण वळसा घातला, आणि पलीकडच्या बाजूने येऊन उतरला. टोपी काढली. दार वाजवलं.

"नमस्कार, बाईसाहेब. मी एल्डन क्रेब्ज, चाकांवरचे सेवेकरी. आपलं नाव?" (नाव विचारणं नियमात आहे. डोळ्यांत पाहून विचारायचं, हेही.)

"आर्विला."

"वा! छान नाव आहे." हे वाक्य त्याने याआधी एका जत्रेत, नाचाच्या मांडवाबाहेर म्हटलं होतं. मधल्या काळात गरज पडली नव्हती.

तो गुडघ्यांवर बसून खाली डोकावला. "हा क्रेट कुणी ठेवला इथे? हाडं मोडतील एखाद्याची!"

"आमच्या यजमानांनी. तात्पुरता आहे."

"एकेक माणसं असतात," एल्डन पुटपुटला, आणि कामाला लागला.

दुपारच्या आत पायरी झाली. कुणी न सांगता त्याने शेजारी कठडाही बसवला, तळहात फिरवून पाहिला, पुन्हा घासला. आर्विलाने गोड थंड चहा दिला. त्याने "आभारी आहे" म्हटलं, आणि पेला आत नेऊन ठेवला. (या घटनेला साक्षीदार नाही, आर्विलाच्या शब्दावर विश्वास ठेवावा लागेल.)

"यजमान काय करतात आपले?"

"लोकांची कामं."

"कठीण आहे," एल्डन म्हणाला. मग काम संपल्यावर करतात तसे त्याने तिचे दोन्ही हात हातात घेतले. "कशासाठी प्रार्थना करू?"

"रविवारी बाबांचं प्रवचन ऐकायचंय. पुढच्या बाकावर बसून. सबंध उन्हाळा खिडकीतून ऐकतेय."

"खिडकीतून? मला वाटलं, तुला... आपल्याला आताशा आवडत नसेल."

"मला कुणी विचारलं नाही."

एल्डनने डोळे मिटले. बराच वेळ त्याच्या तोंडून शब्द फुटला नाही. संस्थेच्या व्याख्येप्रमाणे ही प्रार्थना अपूर्ण धरली जाते. हात मात्र त्याने सोडले नाहीत.

बातमी जेवणाच्या वेळेपर्यंत सगळ्या मोटारघरांत पोचली. दुसऱ्या दिवशी जोनेलने तिसऱ्या जागेवरची एक दुर्दैवी बाई कळवली. मग पाचव्या, मग सातव्या. सकाळ झाली की विजेच्या गाड्या एकामागून एक तळ्याला वळसा घालीत, आणि टोप्या काढलेले म्हातारे आपापल्या दारांवर टकटक करून बायकांना नावं विचारीत. हंगामाच्या अहवालात समाधानी लाभार्थ्यांचा आकडा तिपटीने वाढला. फक्त भोजनगृहाचं दार तेवढं कुठल्याच बाजूला उघडेना, आणि देवळाचं गळकं छप्पर तसंच राहिलं.

रविवारी पाऊस होता. आर्विला नव्या पायरीवरून उतरली, उतारावरून चढली, आणि पुढच्या बाकावर बसली. शेजारी एल्डन. बाबांचा आवाज गायीवरून सुरू झाला, वर चढला, आणि बायबलातल्या 'माझा शेजारी कोण?' या प्रश्नावर येऊन ठेका धरू लागला. तेवढ्यात छपरातून एक थेंब एल्डनच्या टकलावर पडला. त्याचा हात आपोआप हत्यारांच्या पट्ट्याकडे गेला.

"छप्पर गळतंय," तो कुजबुजला. "मी पटकन वर जाऊन—"

आर्विलाने त्याची बाही धरली. "बस खाली," ती म्हणाली. "यासाठी देव कुणाला तरी पाठवेल."

तो बसला. थेंब पडत राहिले, आणि दोघांनी मिळून "आमेन" म्हटलं.

वाचक हो, तुम्ही हसलात, हे चांगलंच झालं. पण हे वाचायला बसलात तेव्हा आतून कुणीतरी तुम्हाला हाक मारली होती. तुम्ही "आलो, आलो" म्हणालात आणि पान उलटलंत. तुमचंही बरोबरच आहे. मध्ये फक्त एक भिंत, एवढ्याशा अंतराला पुण्य कुठून लागणार? यावर उपाय सोपा आहे. चपला घाला, घराला एक वळसा घाला, आणि आपल्याच दाराची घंटी वाजवा. दार उघडणाऱ्या माणसाच्या डोळ्यांत पाहा आणि आधी नाव विचारा. संकोच करू नका. विचारून बराच काळ झाला असेल.