खान्देशी नाकाची कीर्ती

चोपड्याच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवणाऱ्या जीवराम सरांचं नाव परदेशात निघतं, ही बातमी प्राचार्यांनी स्वतःच्या हाताने फळ्यावर लिहिली. सरांचा शोधनिबंध एकुलता एक, पण परदेशातले शास्त्रज्ञ उठता-बसता त्याचा दाखला देत होते. पुण्याच्या लायब्ररीत अशा दाखल्यांचे जाडजूड खंड असतात, त्यात सरांचं नाव ओळीने छापून आलं होतं. कोणी काय म्हणून दाखला दिला, ते मात्र त्या खंडांत नसतं. मूळ अंक मागवून बघायच्या भानगडीत सर पडले नव्हते. आपलं कौतुक उकरून बघायची हौस कोणाला असते?

निबंधाचा विषय होता नाक. लहानपणापासून मिरचीच्या खकाण्यात वाढलेल्या माणसाच्या नाकाला तिखटाचं काही वाटेनासं होतं, त्याच्या अंगात शिंकेविरुद्ध प्रतिकारशक्तीच तयार होते, असा सरांचा सिद्धांत. पुरावा घरचाच होता. उन्हाळ्यात गावी त्यांच्या मागच्या अंगणात भावकीतल्या सुना वर्षाचा मसाला कांडायला जमत. सर ओट्यावर बसून, नाकाला रुमाल लावून, चार उन्हाळे बघत राहिले. एकीलाही शिंक आली नाही.

आता त्या दाखल्यांच्या जोरावर सरांना रीडरच्या पदावर बढती हवी होती. त्यांच्या हाताखाली शिकलेला पोरगा धुळ्याला रीडर झाला होता आणि भेटला की अजूनही वाकून नमस्कार करायचा. तो नमस्कार सरांना फार लागायचा. विद्यापीठाने नेमलेल्या तज्ज्ञ डॉ. वसुधा आपटे पुण्याहून आल्या, तेव्हा सरांनी नवा सफारी घातला.

"निबंध वाचला तुमचा," मॅडम म्हणाल्या. "दाखले देणारेही वाचले."

"काय म्हणतात?" सरांनी लाजत विचारलं.

"सगळे एकच म्हणतात. यांना आढळलं, आम्हाला काही आढळलं नाही."

सरांनी चहाची कपबशी बाजूला सारली. "मॅडम, त्यांच्याकडे आपल्यासारखी मिरची कुठे?"

"मेक्सिकोची माणसं आहेत ती. सकाळ-संध्याकाळ मिरचीच खातात."

"मग तुम्ही डोळ्यांनीच बघा!" सर इरेला पेटले. मिरची कांडायचेच दिवस होते. कॉलेजची जीप तासाभरात गावात पोचली.

मागच्या अंगणात मुसळं दणादण चालली होती. लाल धुरळा नुसता उडत होता. सरांना बघताच बायकांनी पदर हनुवटीपर्यंत ओढले, टोकं दातांत धरली आणि मुकाट्याने कांडत राहिल्या. मॅडमना दारातच सटासट शिंका सुरू झाल्या.

"बघा! तुम्हीच शिंकताय, त्या नाहीत!" सर आनंदाने म्हणाले आणि मॅडमसाठी पाणी आणायला घरात गेले.

माठाशी पोचतात तोच मागे शिंकांचा एकच कल्लोळ उठला. एकट्या मॅडमच्या त्या नव्हत्या. सर तांब्या घेऊन धावत आले. अंगणात सगळं शांत. पदर जागच्या जागी.

मॅडमनी डोळे पुसले. "सर, परत आत जा बरं."

सर आत गेले. शिंका.

"या बाहेर."

शांतता.

"पुन्हा जा."

तिसऱ्या खेपेलाही तेच झालं. सर बाहेर येऊन उभे राहिले. मॅडमनी सरांच्या धाकट्या भावजयीला, कुंदाबाईला विचारलं, "बाई, हे काय चाललंय?"

कुंदाबाई सरांकडे हात करून पदराआडून म्हणाली, "भाऊ आम्हना जेठ शेतस. त्यास्ना मोरे पदर लेवाच पडस. मंग मिरची नाकमा कशी जाई?"

चार उन्हाळ्यांचं संशोधन थोरल्या दिरासमोर ओढलेल्या त्या पदरात गुंडाळलं गेलं.

"आणि तुम्हाला स्वतःला चार वर्षांत शिंक आली नाही?" मॅडमनी विचारलं.

"मी तर रुमाल..." सर बोलता बोलता थांबले. त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

परतीच्या वाटेवर केळीच्या बागा संपल्या. मग सर म्हणाले, "मी अर्ज मागे घेतो, मॅडम."

"अर्ज राहू द्या. निबंध मागे घ्या. झालं ते जसंच्या तसं लिहून छापायला पाठवा."

सरांनी लिहिलं. जेठ लिहिला, पदर लिहिला, जड हाताने रुमालही लिहिला. निबंध छापून आला आणि इतकी वर्षं डोकं खाजवत बसलेल्या परदेशी मंडळींचा जीव भांड्यात पडला. निरीक्षण कसं करू नये, हे सांगताना जो तो सरांचा दाखला देऊ लागला. पुढच्या मुलाखतीपर्यंत दाखले दुपटीवर गेले होते. निवड समितीने ते मोजले आणि ती खूश झाली. मॅडमनी मात्र दुसरा निबंध वाचून सही केली.

सर रीडर झाले. गावात सत्कार झाला. भरिताचा बेत होता. प्राचार्यांनी दोन्हींपैकी एकही निबंध वाचला नव्हता, त्यामुळे त्यांचं भाषण फार रंगलं. "आपल्या आयाबहिणींचं नाक मिरचीलाही हार जात नाही, हे जगाला पटवून देणारा हा सुपुत्र!" ते गरजले.

एका बाजूला बसलेल्या सुनांचे पदर हनुवटीपर्यंत होते. त्या पदरांआड खांदे गदगदा हलायला लागले. कुंदाबाईचे तर थांबेनात.

आसपास मिरचीचा कण नव्हता. तरीही शिंकाच असतील, असं जीवराम सरांनी ठरवून टाकलं आणि खिशातला रुमाल काढून आपल्या नाकाला लावला.