कोंडिबाच्या बसचं अर्थिंग

"अवंदा पोरगं मुक्कामाला राहिलं न्हाई, तर माझी बस एकटा ढकलत शिरूरला नेईन!" कोंडिबाने वरवंडच्या चहाच्या टपरीवर जाहीर केलं.

कोंडिबाच्या बापजाद्यांचा संसार मेंढरांमागं गावोगाव हिंडला, तोही बिनचाकाचा. कोंडिबाच्या घराला सहा चाकं होती आणि ते जागचं तसूभर हललेलं नव्हतं. जन्मभर एसटी चालवून रिटायर झाल्यावर त्याने लिलावातली मोडकी बस घेऊन रानात उभी केली. बायको वारल्यावर मुक्कामच बसमध्ये हलवला. जेवायचं ड्रायव्हरच्या सीटवर. समोरची 'शिरूर' ही पाटी त्याने मुद्दाम ठेवली होती. अधूनमधून एखादी म्हातारी पिशवी सावरत चढायची. कोंडिबा तिला चहा पाजायचा, लेकीसुनांची चौकशी करायचा आणि कप रिकामा झाला की मगच सांगायचा, "मावशी, ही गाडी जात न्हाई."

मुलगा सत्यजीत सणसवाडीच्या कंपनीत. बायको सुषमा आणि लेक सायलीला घेऊन तो व्हॅनने यायचा, पण ऊन कललं की चप्पल शोधायचा. "आबा, पत्रा लई गार पडतो. पोरीला खोकला होतो."

म्हणून कोंडिबाने हीटर आणला! वायरमन शंभूने मोटरीच्या लाइनवरून वायर ओढली आणि कीर्तनकारासारखा उपदेश केला.

"आबा, खिडकी जराशी उघडी ठेवायची. हीटरवर बनियन वाळत घालायचं न्हाई. आन् गाडी सगळी लोखंडी, म्हणून अर्थिंग पक्कं पायजे. ह्या खड्ड्यात मीठ-कोळसा घातलाय. वरून रोज तांब्याभर पाणी ओता. वल असली म्हंजी झटका बसत न्हाई."

"तांब्याभरानं भागंल?"

"व्हय की."

कोंडिबाला पटलं नाही. नातीच्या जिवाचा प्रश्न, आणि तांब्याभर? त्याने विहिरीवरच्या मोटरीचा पाइपच खड्ड्यात सोडला आणि स्टार्टर 'ऑटो'वर टाकला. विजेचा नेम नाही म्हणून आपल्याकडे हीच रीत: वीज आली की मोटर आपोआप सुरू. पहाटे वीज येईल, खड्डा भिजेल, मग बंद करू.

पहाटे वीज आलीच नाही. दुपारी मंडळी आली, आणि आनंदाच्या भरात कोंडिबा पाइप विसरला.

सगळे बसमध्ये बसले. हीटर मधोमध, नवरदेवासारखा. आणि वीज आली! तार लालभडक झाली. सायलीने टाळ्या पिटल्या. सुषमाने हात शेकले. कोंडिबाची छाती ट्रकच्या बॉनेटएवढी झाली.

"आबा, हीटर भारी हाय," सत्यजीत ऊन कलताना म्हणाला.

"मग?"

"मग काय? निघतो. उद्या फर्स्ट शिफ्ट हाय."

कोंडिबा 'शिरूर'च्या पाटीकडे बघत राहिला.

सत्यजीत खाली उतरला आणि ओरडला, "आबा! माझी चप्पल गेली!"

"कुठं?"

"खाली!"

चप्पलच काय, व्हॅन नंबरप्लेटपर्यंत गेली होती. काळी जमीन दिवसभर तहानलेली, वीज आल्यापासून पाइपचं पाणी घटाघटा प्यायली होती. तेवढ्यात बसनेही एका अंगाला मान टाकली. हीटर घसरगुंडी खेळत सीटखाली निघाला. कोंडिबाने झेप घालून बटण बंद केलं. तिरक्या घरात हीटर उभा राहीना, मग लावायचा कसा?

"अर्थिंग केलं होतं का तळं?" सत्यजीतने कपाळाला हात लावला.

"मामंजी, आता झोपायचं कुठं?" सुषमाने विचारलं.

बस उतरती झालेली, त्यामुळे सगळे मागच्या लांब सीटवर एका कोपऱ्यात आपोआप गोळा झाले. वर एकच गोधडी. पत्रा बर्फासारखा होता, पण सायलीला खोकला आला नाही. ती सारखी म्हणत होती, "आबा, अजून थोडी वाकडी करा ना गाडी!"

सकाळी ट्रॅक्टरने व्हॅन ओढली. मंडळी गेली. कोंडिबा ड्रायव्हरच्या सीटवर बसून गार चहा प्यायला. कुणी चढलं नाही.

दुपारी शंभू आला. बसची तऱ्हा बघून चक्रावला. "आबा, हे काय! थांबा, पयला तो पाइप काढतो."

"हात लावू नगंस," कोंडिबा म्हणाला. "संक्रांतीला परत येणारेत. अर्थिंग पक्कं पायजे."