पिशवीतला शेजार

"सतरा नंबरच्या पिशवीत बी धरलंय," असं म्हणत गवतवाले चिखलाच्या चपलांसकट थेट स्वयंपाकघरात आले.

लग्नाला तेव्हा दोनच वर्षं झाली होती, बाळ सहा महिन्यांचं होतं. गुरांच्या चाऱ्याचं गवत सुधारणं ही त्यांची नोकरी, म्हणून संशोधन केंद्राच्या वसाहतीत सगळे त्यांना गवतवाले म्हणत. त्या गवताला एक खोड होती. स्वतःच्या परागानं ते बी धरत नसे, त्याला दुसऱ्या ठोंबाचाच पराग लागे. गवतवाले मात्र आपलं बी आपणच धरणारं एखादं तरी ठोंब शोधत होते. त्यासाठी, परका पराग शिरू नये म्हणून, चाळीस ठोंबांच्या तुऱ्यांवर त्यांनी कागदी पिशव्या चढवल्या होत्या. तीन हंगाम सगळ्या पिशव्या फोल निघाल्या. यंदाही तेच झालं तर वाफे दुसऱ्याला देणार, असं साहेबांनी सांगून ठेवलं होतं.

"साहेबांना कळवलंय. येतीलच एवढ्यात."

दूध उतू गेलं तरी त्यांची बायको हलली नाही.

"अहो, सतरा म्हणजे कुंपणाजवळची?"

"हो. का?"

"तिच्यात मी अठराचा एक मोकळा तुरा सारलाय."

"कशाला?"

"दुपारी बाळाला घेऊन जायचे ना तिकडे. सगळी आपापल्या पिशवीत गपगार. बघवेना. म्हटलं, कुणीतरी असावं सोबतीला."

बोलली ती गवताबद्दलच, पण ते बराच वेळ तिच्याकडे नि बाळाकडे बघत राहिले.

साहेब आले. गवतवाल्यांनी मान खाली घालून सगळं सांगून टाकलं.

"वहिनी," साहेब म्हणाले, "अशा किती पिशव्या?"

"अकरा. नंबर पाठ आहेत."

बाळाला कडेवर घेऊन ती पुढे, दोघं मागे. तिने दाखवलेल्या अकराही पिशव्यांत बी होतं. बाकीच्या उघडत गेले, तर फोल.

साहेब खुशीत आले. "सोबत दिली की बी, नाही दिली की नाही. इतका स्वच्छ प्रयोग आपल्याकडे झाला नव्हता हो."

"पण मला हवं होतं ते नाहीच मिळालं," गवतवाले पुटपुटले आणि त्यांनी अजून न उघडलेली तेहतीस नंबरची पिशवी फाडली. तळहातावर चौदा दाणे पडले.

"ही बारावी," साहेब म्हणाले. "विसरलात वहिनी."

"हिला मी हात लावला नाही."

"आठवून बघा."

"बघितलं. हिचं एकटीचं बरं चाललेलं दिसत होतं."

साहेबांनी गवतवाल्यांकडे पाहिलं. गवतवाल्यांनी तिच्याकडे पाहिलं आणि प्रयोगाची वही उघडून खिशातून पेन काढलं.

तेहतीस नंबरची नातवंडं-पतवंडं आज कुठकुठल्या कुरणांत डोलतात. त्या वहीची पानं पिवळी पडलीत, शाई विटलीय. 'परका पराग नाही, याची खात्री कशी केली?' या रकान्यातलं अक्षर तेवढं अजून वाचता येतं: 'हिला विचारून.'

आणि खाली साहेबांचा शेरा: 'मान्य.'