कातळावरची तपासणी

डॉक्टर दीप्ती यांच्या पत्राला मी उत्तर दिलं नाही, कारण उत्तर फार सोपं होतं! पुण्याच्या एका संस्थेतर्फे त्या मोबाइलवरून रुग्ण तपासतात. पत्रात त्यांनी विचारलं होतं, "आपल्या वाडीत ज्यांना मोबाइल नीट हाताळता येत नाही, त्यांना ही तपासणी सोपी कशी करता येईल? आपण वाचणारे आहात. दोन ओळी कळवा."

दोन ओळी! मी महाडच्या वाचनालयात उभा जन्म पुस्तकं देण्याघेण्यात घालवला. दोन ओळी लिहायच्या म्हणजे आधी चार पुस्तकं चाळायला हवीत. मी खर्डे केले, फाडले, आणि ठरवलं, लिहिण्यापेक्षा करूनच दाखवावं. त्यात आहे काय? फोन उभा धरायचा, उजेडाकडे तोंड करायचं आणि बोलायचं. झालं! आयुष्यात पहिल्यांदाच मला एखादी गोष्ट येते असं वाटलं. तिथेच मी सावध व्हायला हवं होतं.

वाडीत मला मास्तर म्हणतात. मी मास्तर कधीच नव्हतो, पण चष्मा आणि गप्प बसणं एवढ्यावर आमच्याकडे ही पदवी मिळते.

रुग्ण शोधावा लागला नाही. शेजारच्या चंद्राबाईंना साखरेचा आजार. भात लावताना पायाच्या अंगठ्याला दगड लागला, जखम चिघळली आणि अंगठा पिकल्या जांभळाच्या रंगावर गेला. पोलादपूरच्या रस्त्यावर दरड आलेली, ओढा भरलेला. डोलीतून न्यायचीही सोय नाही. मुलगा सुधीर मुंबईत. त्याला त्या काही कळू देईनात.

"चंद्राबाई, डॉक्टरीणबाईंना फोनवर पाय दाखवू," मी म्हणालो.

"कुनाच्या तोंडाम्होरं पाय करायचा मास्तर? बरं दिसतंय काय?"

"अहो, डॉक्टर आहेत त्या!"

"तुमी म्हनता तर बघू."

पत्रातल्या नंबरावर मी वेळ घेतली आणि मोठ्या अक्षरांत सूचना लिहून त्यांच्या भिंतीवर चिकटवल्या. त्यांना वाचता येत नाही, हे मला संध्याकाळी आठवलं! मग वाचून दाखवल्या. नीटनेटकं बसावं. नम्रपणे बोलावं. घाबरू नये.

वाडीत रेंज मिळते ती कुशाबाच्या गोठ्यामागच्या कातळावर. सगळी वाडी तिथूनच मुंबईशी बोलते. चंद्राबाईंना खुर्चीत बसवून चौघांनी तिथे नेलं. त्यांनी ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं, अंगठा पार झाकला जाईल असं.

"नीटनेटकं म्हनालात ना!" त्या म्हणाल्या.

फोन लागणार म्हटल्यावर वाडी गोळा झालीच. आमच्याकडे फोन कोणाचाही असो, तो सगळ्यांच्या हातून फिरतो. रेंज काय एकट्याची असते?

डॉक्टर दिसल्या. मी "नमस्कार" म्हणेपर्यंत कुशाबाने फोन घेतला.

"काय गो बाय, पाऊस हाय काय तिकडं?"

"आजोबा, तुम्हीच पेशंट का?"

"मी? मी ठणठणीत! ही बघ आमची म्हस, परवाच व्याली!"

म्हशीने डॉक्टरांकडे बराच वेळ पाहिलं. मग फोन साळूबाईंकडे गेला.

"जेवलीस काय गो? किती वाळलीस!"

फोन बारशातल्या बाळासारखा या हातातून त्या हातात चालला होता. डॉक्टरांनी देवळाचा नवा पत्रा पाहिला, कोणाचा तरी जावई पाहिला. मी मागे उभा राहून "अहो... जरा..." म्हणत होतो. उभ्या नोकरीत 'शांतता राखा' ही पाटी माझ्या डोक्यावर होती. ती पाळणारा मी एकटाच निघालो!

शेवटी फोन चंद्राबाईंकडे आला.

"कशा आहात आजी?"

"बरी हाय गो! मला काय धाड भरलीय?"

मी हादरलो. "अंगठा," मी कुजबुजलो, "अंगठा!"

"काही दुखतं का?" डॉक्टरांनी विचारलं.

"नाय नाय. समदं झ्याक हाय. तू जपून ऱ्हा. काळजी करू नको."

"मग फोन कशासाठी होता?"

"आमच्या मास्तरांची हौस!"

कातळावर हशा पिकला. डॉक्टरही हसल्या, त्यांनी हात हलवला, आणि पडदा काळा झाला. मग त्यावर पाच तारे उमटले. सेवा कशी वाटली?

साळूबाईंनी पाचही दाबले. "पोरीनं एवढा येळ दिला. एक तारा कमी कशाला?"

मी संस्थेला परत फोन केला. पलीकडून एक मुलगी गोड आवाजात म्हणाली, "आजोबा, 'तक्रार नाही' अशी नोंद आहे. पुढची वेळ पुढच्या आठवड्यात मिळेल." मी "बरं, आभारी आहे" म्हणालो. होय, आभार मानले मी!

"चंद्राबाई, बरी हाय असं का सांगितलंत?"

"मग काय सांगू? त्या कातळावर बसून मी कदी आजारी हाय म्हनाले काय? लांबचं मानूस आयकून करनार काय, मास्तर? नुसता जीव जाळनार."

दरड हटली तेव्हा त्यांना तापाने शुद्ध नव्हती. महाडला अंगठा काढावा लागला, शेजारचं बोटही. दुसऱ्या दिवशी सुधीरचा फोन आला. पायाला पांढरं गाठोडं बांधलेलं, आणि बाई फोनमध्ये हसून म्हणाल्या, "बरी हाय रे! तू जेवलास काय?"

मी घरी आलो आणि डॉक्टर दीप्तींना उत्तर लिहिलं. या वेळी खर्डा केला नाही. "सोपं करण्याचा उपाय: 'कशा आहात' असं विचारू नका. आधी 'पाय दाखवा' म्हणा." दोनच ओळी झाल्या. एवढ्याचसाठी मी कागद फाडत बसलो होतो!

रात्रभर डोळा लागला नाही. सकाळी पोलादपूरच्या पोस्टात गेलो, तिकीट घेऊन पाकिटावर चिकटवलं.

खिडकीतला ओळखीचा माणूस म्हणाला, "काय मास्तर, कसं काय? बरं ना?"

"अगदी बरं आहे!" मी म्हणालो, आणि पाकीट पेटीत टाकलं.