अर्ध्या खुर्चीवरचे साळवे

जगदीश साळवे शोरूममधल्या खुर्चीवर नेहमी अर्धेच बसतात. पाठ टेकत नाहीत. पाय दाराच्या दिशेला असतात आणि चष्म्याचं घर समोर टेबलावर. ते घर त्यांनी उचलून खिशात टाकलं की सोबत आलेल्या सगळ्यांनी उठायचं. का, कशाला, हे विचारायचं नाही. उठायचं आणि दाराकडे चालायला लागायचं. सेल्समन पार्किंगपर्यंत मागे येतो आणि तिथे खरी किंमत सांगतो.

मेलबर्नच्या पॉइंट कुक या उपनगरातल्या मराठी घरांपैकी बऱ्याच घरांची पहिली गाडी अशी पार्किंगमध्ये ठरलेली आहे. आमचीही. साळवे रेल्वेच्या डब्यांच्या देखभालीच्या यार्डात इंजिनिअर आहेत. गाड्यांच्या धंद्याशी त्यांचा काही संबंध नाही. संबंध आहे तो संतापाशी. कुणी आपल्याला चार पैशांना फसवणार, या नुसत्या शक्यतेनेच त्यांचा चेहरा तांबूस होतो.

"पेंट प्रोटेक्शन!" एकदा ते सेल्समनसमोरच मराठीत कडाडले. "रंगाचं संरक्षण वेगळं विकतात. उद्या म्हणतील, ब्रेक हवेत का? ते वेगळे. अहो, तुम्ही पेपरात होतात ना? छापा हे!"

मी निवृत्त होऊन इथे मुलाकडे आलो त्याला बरीच वर्षं झाली. आता मी काहीही छापत नाही, हे त्यांना अनेकदा सांगून झालं आहे. टोमॅटोचा भाव, हॉस्पिटलच्या पार्किंगचे पैसे, टोलचं बिल, प्रत्येक वेळी शेवट "छापा हे!" असाच होतो.

शोरूमसाठी त्यांचे नियम आहेत. गाडीला हात लावायचा नाही. "रंग छान आहे" म्हणायचं नाही. आणि सर्वांत महत्त्वाचं, त्यांची कॉफी प्यायची नाही. पुण्याहून नव्याने आलेल्या एका जोडप्याबरोबर नवऱ्याची आई आली होती. साळवे बाहेर गाड्यांचे टायर बघत होते तेवढ्यात या काकूंनी कॉफी घेतली, वर बिस्किटही.

"प्यायलात?" साळव्यांनी विचारलं.

"अहो, एवढ्या प्रेमाने दिली त्या मुलाने."

"प्रेमाने? काकू, तो गाडी विकतोय! ज्याची कॉफी प्यायली त्याच्यासमोरून उठायचं कसं?"

त्या दिवशी खरंच कुणाला उठता आलं नाही. त्या गाडीवर पेंट प्रोटेक्शन आहे. ती रस्त्यात दिसली की साळवे तोंड फिरवतात.

एवढा दबदबा असलेल्या माणसाच्या घरात एक विषय मात्र निघत नसे. त्यांची एकुलती मुलगी संघमित्रा. तिने सिव्हिल इंजिनिअरिंग अर्धं झालेलं असताना युनिव्हर्सिटी सोडली आणि ती बर्फाच्या डोंगरावर एका लॉजमध्ये कामाला लागली. आता ते लॉज तीच चालवते. साळव्यांच्या मते मात्र ती "लोकांच्या बॅगा उचलते". तेव्हापासून बापलेकीचं बोलणं आईमार्फत चाले. "तिला सांग, गाडीचं सर्व्हिसिंग वेळेवर कर." "बाबाला सांग, झालंय." शालिनीवहिनी मध्ये बसून दोन्हीकडचे निरोप पोचवत. मागच्या वर्षीच्या चौदा एप्रिलच्या जयंतीच्या कार्यक्रमानंतर बापलेक समोरासमोर आले नव्हते.

डोंगरावर जाऊन तिला भेटायचा प्रस्ताव वहिनींनी एकदा मांडला होता. साळव्यांनी वेबसाइट उघडली आणि ते भडकले. "गेटवर प्रवेशाचे पैसे! बर्फ बघायला तिकीट! आकाशातून फुकट पडतो तो!" विषय तिथेच मिटला.

मे महिन्यात, इथला हिवाळा तोंडावर आलेला असताना, तिचा फोन आला, आणि तो थेट बापाला आला. लॉजचा जुना स्नोमोबिल बंद पडला होता. हिवाळ्यात गाड्या खालच्या पार्किंगपर्यंतच जातात. तिथून माणसं, सामान, भाजीपाला, सगळं त्या बर्फावरच्या वाहनाने वर न्यावं लागतं. लॉजच्या कमिटीने तिला एक आकडा दिला होता आणि त्यात नवा घ्यायला सांगितलं होतं. "बाबा, तू सगळ्यांसाठी जातोस," ती म्हणाली. "माझ्यासाठी येशील?"

हे मला साळव्यांनी सांगितलं ते रागाच्या सुरात. "आत्ता आठवला बाप! वाहन घ्यायचं म्हटल्यावर! तुम्ही चला बरोबर. साक्षीदार हवा."

जाताना त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. गाड्यांच्या सौद्याला ते जुना टी-शर्ट घालून जातात. पैसेवाले दिसायचं नाही, हाही एक नियम आहे.

डीलरचं दुकान मेलबर्नच्या दुसऱ्या टोकाला, डोंगरांकडे जाणाऱ्या रस्त्यावर होतं. आत शेतावरच्या चारचाकी बाइक, पाण्यावरच्या स्कूटर आणि कोपऱ्यात दोन स्नोमोबिल. संघमित्रा, घरच्यांची मित्रा, आधीच पोचली होती. जाड जाकीट, केस कापलेले, हाताची कातडी फुटलेली. साळव्यांनी तिच्या हातांकडे पाहिलं आणि म्हणाले, "पार्किंग मिळालं?"

"हो. तुला?"

"हं."

विक्रेता ग्लेन उंच, लाल दाढीचा आणि घाई नसलेला माणूस होता. त्याने दोन्ही वाहनं दाखवली. पुढे दोन स्की, मागे रबरी पट्टा, मध्ये सीट. एक हलकं, चकचकीत, उड्या मारायला. दुसरं जड, रुंद पट्ट्याचं, मागे सामानाची घसरगाडी ओढू शकणारं. मित्राने चकचकीत वाहनाकडे पाहिलंही नाही.

साळव्यांनी जड वाहनाला एक फेरी मारली. "चाक नाही, दार नाही, छप्पर नाही," ते मला म्हणाले, "आणि किंमत छोट्या मोटारीची! कशाची घेतात हो? नसलेल्या चाकांची?" मग पाटीवरचे, लगेच चालवत न्यायची किंमत अशा अर्थाचे शब्द वाचून ग्लेनकडे वळले आणि इंग्रजीत म्हणाले, "राइड-अवे प्राइस. राइड अवे कुठे? बाहेर गवत आहे!"

ग्लेन मनापासून हसला. "फेअर पॉइंट, मेट. कॉफी घेणार?"

"हो," साळवे म्हणाले. "दूध घालून."

मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

टेबलाशी बसलो. चष्म्याचं घर नेहमीच्या जागी आलं. ग्लेनने कागदावर आकडा लिहिला आणि कागद फिरवला. मित्राने वाकून पाहिला. कमिटीच्या आकड्याच्या बऱ्यापैकी खाली होता. वाहन मागच्या सीझनचं, दुकानात पडून राहिलेलं, ग्लेनला ते काढायचं होतं. हे त्याने स्वतःच सांगितलं.

सौदा इथे संपला होता. साळव्यांच्या आयुष्यातला बहुधा सर्वांत सोपा. मी घर खिशात जायची वाट बघत होतो. उठायची गरज नव्हती, पण सवय म्हणून तरी.

घर टेबलावरच राहिलं.

"हे फ्रेट काय आहे?" साळव्यांनी विचारलं.

ग्लेनने समजावलं, वाहन दुकानापर्यंत आणायचं भाडं. साळव्यांना ते पटलं नाही. ग्लेनने फ्रेट अर्धं केलं. मग आच्छादनाच्या कापडाचा विषय निघाला. ग्लेन म्हणाला, फुकट. मग जादा बेल्ट. नो वरीज. प्रत्येक होकारागणिक साळव्यांचा संताप वाढत होता. "कसला माणूस आहे हा? मागितलं की देतो! धंदा असा करतात?" हे मराठीत. मग इंग्रजीत, पट्ट्याची वॉरंटी कुणाची, कारखान्याची की तुझी? वरती बंद पडला तर माणूस कोण पाठवणार? रात्री बंद पडला तर? आणि उलटला तर इंजिन आपोआप थांबतं का?

ग्लेनने मनगटाला अडकवायची दोरी दाखवली. चालवणारा पडला की दोरी सुटते आणि इंजिन बंद होतं.

"ती अडकवतेस ना?" साळव्यांनी मित्राला विचारलं. त्या दिवशी त्यांनी आकड्यांपलीकडचं तिला विचारलेलं हे पहिलंच.

"दर वेळी, बाबा."

"दर वेळी म्हणतात सगळे." त्यांनी कॉफीचा घोट घेतला. कप रिकामा झाला होता.

मित्राने फोन पाहिला. अंधारापूर्वी तिला डोंगर चढायचा होता. "बाबा, इट्स डन. खूप छान प्राइस आहे. आय शुड गो."

"डन म्हणजे काय? कोण म्हणालं डन?" साळवे एकदम चिडले. "असं कसं झालं? दहा गोष्टी राहिल्यात विचारायच्या! यांचं हे असंच. घाई! अर्धं टाकून निघायचं, दर वेळी."

शेवटचं वाक्य स्नोमोबिलविषयी नव्हतं. ते कळायला ग्लेनला मराठी यायची गरज पडली नाही. तो उठून कॉफीच्या यंत्राकडे गेला आणि तिथे बराच वेळ काहीतरी पुसत राहिला.

बर्फ पडायला लागला की लॉजवरून सीझन संपेपर्यंत सुट्टी नसते. हे मला ठाऊक होतं, साळव्यांनाही होतं. तिने गाडीची किल्ली हातात घेतली होती.

मित्रा बापाकडे बघत होती. तांबूस झालेला चेहरा, इस्त्रीचा शर्ट, रिकामा कप. तिने किल्ली टेबलावर, चष्म्याच्या घराशेजारी ठेवली आणि खुर्ची पुढे ओढली.

"बाबा," ती म्हणाली, "मागच्या सीटचं तू काहीच विचारलं नाहीस."

"मागे कोण बसतं?"

"गेस्ट. म्हाताऱ्या बायका. कुणीही." मग थांबून म्हणाली, "तू आलास तर तू."

साळवे उठून वाहनापाशी गेले. मागच्या सीटवर हात ठेवला, दाबून पाहिली, बाजूच्या दांड्या पकडून पाहिल्या. नियम क्रमांक एक, हात लावायचा नाही.

"ग्लेन!" ते ओरडले. "चालवणाऱ्याच्या हँडलला हीटर आहे. मागच्या दांड्यांना का नाही? मागच्या माणसाने काय हात गोठवून घ्यायचे?"

"तो जादा असतो, मेट. सहसा कुणी मागत नाही."

"मी मागतोय!" मग माझ्याकडे वळून, मराठीत, "बघितलंत? मागच्या माणसाची किंमतच नाही यांना. छापा हे!"

ते परत येऊन बसले. पाठ खुर्चीला टेकली, पाय टेबलाखाली सरळ झाले. ग्लेनने विचारलं, आणखी कॉफी? साळव्यांनी दोन बोटं दाखवली, एक स्वतःसाठी, एक लेकीसाठी. वर बिस्किटं आहेत का, तेही विचारलं.

मागच्या दांड्यांच्या हीटरची घासाघीस बराच वेळ चालली. साळवे एक आकडा म्हणत, ग्लेन "नो वरीज" म्हणे, आणि मित्रा म्हणे, "नाही, थांब बाबा, अजून कमी होईल." बाहेर ऊन उतरलं. दुकानाचे दिवे लागले. शेवटी मीच आधी उठलो, मग ग्लेन, मग मित्रा.

सगळ्यांच्या शेवटी साळवे उठले.