निकिता जागी व्हायच्या आत

ट्राउट नावाचा मासा गोकुळनं जन्मात पाहिला नव्हता, पण तो कसा धरायचा हे त्याला तोंडपाठ होतं! बावड्याच्या स्टँडवर चहा पिता पिता तो हातातल्या छत्रीनं प्रात्यक्षिक दाखवायचा. मनगट असं. दोरी अशी. दोरीच्या टोकाला पिसाची आणि लोकरीची खोटी माशी. ती पाण्यावर अलगद टेकवायची, की मासा आलाच म्हणून समजा!

"खरीच माशी का न्हाय लावत?" कुणीतरी हमखास विचारायचं.

"मग त्यात कला काय ऱ्हायली?" गोकुळ म्हणायचा. मोबाईलवर व्हिडिओ बघून बघून तो या विद्येत इतका पुढं गेला होता, की उजनीत जाळी टाकणाऱ्यांकडं तो हल्ली जरा कीव आल्यासारखा बघायचा.

तर या गोकुळनं यंदाच्या मे महिन्यात बायकोला हिमाचलात न्यायचं ठरवलं. उंचावर तंबू, शेजारी ओढा, समोर बर्फाचे डोंगर. तो मासे धरणार, निकिता फोटो काढणार. निकिताचा फोटोत हात चांगला बसला होता. डाळिंबाच्या पानावरचा डाग जवळून टिपायचा आणि औषधवाल्याला पाठवायचा, असं करता करता ती एवढी तरबेज झाली, की दिवाळीला तिनं खरा कॅमेराच घेतला. पण डाळिंब, दोडका आणि गोठ्यातल्या जर्सी गाया सोडून त्या कॅमेऱ्यानं अजून जग पाहिलं नव्हतं.

निकितानं सगळा बेत ऐकून घेतला आणि एकच अट घातली.

"आठ दिस मला शेण दिसलं न्हाय पायजे."

"म्हंजे?"

"म्हंजे शेण! लेंडी न्हाय, मूत न्हाय, गव्हाण न्हाय, काय काय न्हाय. माहेरी सुप्याला मेंढरं व्हती, हितं गाया हायत. हाताला कळतंय तवापास्नं रोज सकाळी पाटी उचलतीय मी. आठ दिस डोळ्यांना नुसता बरफ दिसू द्या. जमत नसंल तर तुमी एकलंच जावा."

"जमत नसंल म्हंजे? शब्द हाय आपला!" गोकुळनं छातीवर हात मारला.

गोठा सांभाळायला मेहुणा रविराज सुप्याहून यायला तयार झाला. सगळं जुळलं. एवढ्यात ओसरीवर तात्याबा घोंगडी झटकताना दिसले. तात्याबा म्हणजे गोकुळचे वडील. त्यांची उमेदीची सगळी वर्षं मेंढरांमागं गेलेली. मेंढरं विकून बागायत केली त्याला जमाना झाला, तरी म्हातारा बारामतीच्या बाजारात गर्दी दिसली की अजून तोंडानं "हुर्रर्र" करायचा.

"तंबूत ऱ्हायचं म्हन्ला न्हवं? मी बी येतो," तात्याबा म्हणाले. बापाला नाही म्हणायची गोकुळची छाती नव्हती आणि निकिताचा तर सासऱ्यावर जीव होता. तिघं निघाले.

डोंगरात पोचल्यावर तात्याबांनी तंबू पाहिला, चूल पाहिली, अंगाला झोंबणारा वारा खाल्ला आणि खो खो हसत सुटले. "उघड्यावर झोपायचं, थंडीत कुडकुडायचं, धूर खात जेवायचं, आन् वर ह्याचं पैसं द्यायचं? आरं, आमी ह्येच जन्मभर फुकट केलं की रं!"

पहिले तीन दिवस मात्र झकास गेले. निकिता पहाटे उठायची ती शेकोटीजवळ कॅमेरा घेऊन बसायची. समोरच्या सुळक्यावर पहिलं ऊन पडतं तेव्हा तो शेंदरासारखा पेटतो म्हणे! पण रोज नेमके ढग आडवे यायचे. तरी ती खूश होती. गोकुळनंही खोट्या माशीनं बरंच काही धरलं होतं. एक झुडूप, स्वतःची टोपी आणि आचाऱ्याचा स्वेटर. मासा तेवढा अजून यायचा होता.

चौथ्या दिवशी उंचीनं निकिताचं डोकं धरलं. दुपारी गोळी घेऊन ती तंबूत झोपली. तात्याबा कँपच्या मागं मालकाचं बटाट्यासाठी नांगरून ठेवलेलं रान होतं तिकडं गेले. खाली बसून त्यांनी मूठभर माती उचलली, चुरडली, हुंगली.

"उपाशी हाय बिचारी," ते हळहळले. मग काठी घेतली आणि कुठंतरी निघून गेले.

संध्याकाळी गोकुळ ओढ्याच्या काठावर उभा होता. आज मनगट असं सैल पडलं होतं, की व्हिडिओवाल्यानं येऊन पाया पडावं! त्यानं दोरी मागं घेतली, झोकात पुढं फेकणार, तोच जोराचा हिसका बसला.

"लागला! लागला!" गोकुळ ओरडला. मग त्याच्या ध्यानात आलं, की पाणी पुढं आहे आणि हिसका मागनं आलाय.

मागं वळून बघतो तर शिंगाळा मेंढा! माशी त्याच्या पाठीवरच्या लोकरीत घट्ट रुतलेली. मेंढ्यानं गोकुळकडं पाहिलं, गोकुळनं मेंढ्याकडं पाहिलं आणि मेंढा सुटला! गळाच्या काठीची चकरी किरकिर वाजायला लागली, काठी कमानीसारखी वाकली आणि गोकुळ तिच्यामागं फरफटत निघाला.

"आरं सोड त्याला!" वरून तात्याबांचा आवाज आला. "मुका जीव त्यो!"

"म्या न्हाय धरलं तात्या! त्योच मला न्हेतुय!"

दोरी तुटली आणि गोकुळ बसला. मान वर केली तर समोरचा सगळा उतार पांढरा. बर्फ नव्हे! उन्हाळ्यासाठी वरच्या कुरणात निघालेला कळप, शेकड्यांनी मेंढरं! पुढं तात्याबा आणि त्यांच्या खांद्यावर हात टाकून तिथला एक म्हातारा गद्दी मेंढपाळ.

"तात्या, हे काय आणलंय?"

"बसवायला आणल्यात! बटाट्याच्या रानात!"

आता आपल्याकडं हे कुणाला सांगायला नको. रिकाम्या रानात रात्रभर मेंढरं बसवली, की लेंडीमुतानं रान तयार होतं. रानमालक मेंढपाळाला धान्य देतो आणि दोघांचं भलं होतं. पण हे हिमाचलात, सुट्टीवर, पाव्हणा म्हणून आलेल्या माणसानं करावं?

"आन् त्याला तुमची भाषा कशी कळली?"

"भाषा कशाला लागती? मी माती दावली, त्यानं मेंढरं दावली. झालं!"

कँपचा मालक चिडून सगळ्यांना हाकलून देईल ही गोकुळची शेवटची आशा होती. त्या माणसानं तात्याबांचे दोन्ही हात धरले, "बाबाजी, बाबाजी" करत डोळ्यांत पाणी आणलं आणि गद्द्याला आट्याचं पोतं काढून दिलं. शेजारच्या तंबूंतली कोलकात्याची पाव्हणेमंडळी तर कोकरं कडेवर घेऊन फोटो काढत सुटली. सगळं जग आनंदात! एकटा गोकुळ तेवढा तंबूकडं बघत होता. शेण दिसणार नाही असा शब्द दिलेली बायको तंबूत झोपली होती.

तात्याबांनी व्हॉलीबॉलचं जाळं सोडून मेंढरं कोंडायची वाघर म्हणून रानाभोवती ताणलं. पण जाळं पडलं तोकडं. अंधार पडायला लागला तशी मेंढरं मोकळ्या बाजूनं पाझरली आणि वारा लागू नये म्हणून तंबूंच्या आडोशाला येऊन बसली. निकिताच्या तंबूला तर चारी बाजूंनी टेकून बसली.

आतून आवाज आला, "अहो, भाईर कोण खोकतंय?"

मेंढरू अगदी माणसासारखं खोकतं. गोकुळनं आत नुसतं डोकं घातलं आणि चेन गळ्यापर्यंत ओढून घेतली.

"कोलकात्याचं पाव्हणं. थंडी बाधलीय त्यांना."

"लई जणं दिसत्यात."

"मोठा ग्रुप हाय."

"आन् ही घंटी?"

"वरच्या अंगाला देऊळ हाय. आरती चाललीय."

"देऊळ चालत हिकडं आल्यागत वाटतंय."

"वारा फिरलाय गं! झोप तू."

निकितानं नाक वर करून वास घेतला. "आन् ह्यो वास?"

"देवदार! हितला देवदार असाच असतुय."

निकितानं त्याच्याकडं थोडा वेळ पाहिलं. "बरं," म्हणाली आणि डोक्यावरून पांघरूण ओढून घेतलं. एवढं बेमालूम खोटं आपल्याला जमतं हे गोकुळला आजवर माहीतच नव्हतं. तो स्वतःवर बेहद्द खूश झाला.

उजाडायच्या सुमाराला तात्याबा आणि गद्दी कळप हाकून वरच्या उतारावर घेऊन गेले. मागं राहिल्या त्या लेंड्या! वाटेवर लेंड्या, खुर्चीखाली लेंड्या, निकिताच्या बुटात लेंड्या! गोकुळनं आचाऱ्याकडनं घमेलं आणि खराटा मागून घेतला आणि कंबर वाकवली ती वाकवलीच. घमेलं भरायचं, डोक्यावर घ्यायचं, बटाट्यात रितं करायचं, पळत परत यायचं. पाच-सहा खेपांत मान गेली, कंबर गेली, गुडघे बोलायला लागले. तात्याबा परत येऊन दगडावर बसले आणि घोंगडीतनं हात काढून दाखवत राहिले, "त्या दोरीपाशी ऱ्हायली बघ. आन् ती बारकी बी उचल."

शेवटी एकही लेंडी उरली नाही. गोकुळनं हात धुतले, चहाचा कप घेतला आणि तोंडावर हसू आणून तंबूकडं गेला. "उठा बाईसाब! बघा कसा नुसता बरफ..."

तंबूची चेन चार बोटं उघडी होती. तिच्यातनं कॅमेऱ्याचं भिंग बाहेर आलेलं होतं.

"थांबा, हलू नका," आतून निकिता म्हणाली. खटक! "हां. आता द्या चा."

गोकुळनं कप आत सरकवला. "तू... तू कवाधरनं जागी हाईस?"

"काल पयला खोकला आला तवापास्नं. धनगराची लेक हाय मी. मला मेंढराचा खोकला कळंना व्हय? देवदार म्हनं!"

तिनं फोटो दाखवले. गोकुळ वाकलेला. गोकुळ रांगताना, बुटात हात घातलेला. आणि एका फोटोत गोकुळ घमेलं डोक्यावर घेऊन चाललाय आणि त्याच्या मागं अख्खा सुळका शेंदरासारखा पेटलाय! त्या दिवशी ढग आले नव्हते. गोकुळनं मान वर करून बघितलंच नव्हतं.

"अगं, चुकलं माझं," तो म्हणाला. "शब्द दिला व्हता मी. तू मग भाईर येऊन भांडली का न्हाईस?"

"भांडू कशाला? जन्मात पयल्यांदा दुसरं कुणीतरी लेंड्या भरत व्हतं आन् मी पांघरुणात पडून बघत व्हते. एवढं सुख कुणी सोडतं व्हय?"

ती हसत होती. गोकुळला मात्र चटका बसला. रोज सकाळी ही पाटी उचलते तेव्हा आपण कुठं असतो? पांघरुणात! त्याला खरोखरच फार वाईट वाटलं. आपली बायको किती मोठ्या मनाची आहे, असं म्हणून तो तिचा हात हातात घेणार, एवढ्यात तिनं तंबूबाहेर डोकं काढलं.

"मामंजी! मेंढरं आजच्या राती कुठं बसणार?"

"वरच्या अंगाला, पोरी. का गं?"

"आजची रात बी हितंच बसवा की! बटाट्याचं निम्मं रान ऱ्हायलंय."

"लई ब्येस!" म्हणत तात्याबा काठी घेऊन टुणकन उठले आणि उताराला लागले.

निकितानं चहा संपवला, रिकामा कप गोकुळच्या हातात दिला आणि परत पांघरुणात शिरली. "जाताना चेन लावा. गारवा येतुय."

गोकुळनं चेन लावली.