केरूअण्णांच्या हातावरचं माप

केरूअण्णा मिस्त्रींच्या डाव्या हातावर मासा गोंदवलाय, असंच मी पहिली दोन वर्षं समजत होतो. एकदा धीर करून विचारलं, तर अण्णा दुखावले. "सायेब, मासा नाय तो. पाना हाय. दहा-अकराचा."

चूक अण्णांची नव्हती. वणीच्या गडाखाली चैत्राच्या यात्रेत बसणाऱ्या गोंदणाऱ्या बाईला तुळस, मोर, विंचू आणि देवाचं नाव एवढंच येत होतं. अण्णांनी तिच्यापुढे खरा पाना ठेवला, तरी तिच्या हाताने त्याला शेपटी फुटलीच. पुढच्या वर्षी अण्णा पिशवीतून पिस्टन घेऊन गेले. त्याची कळशी झाली. तिसऱ्या वर्षी स्पार्क प्लग नेला. त्याला बाईने आपल्या मनाने दोन पानं काढली आणि वर म्हणाली, "शोभून दिसतंय बाबा."

अण्णांचं गॅरेज मुंबई नाक्याजवळ, एका लिंबाच्या झाडाखाली. नंबर लावून आठ वर्षांनी मिळालेली माझी स्कूटर मी त्यांच्याशिवाय कुणाच्या हाती देत नसे. मी जात्याच काळजीखोर माणूस, पण अण्णांच्या शेजारी उभा राहिलो की अगदी बिनधास्त वाटायचो. नट आवळला की ते तो पुन्हा आवळत. मग दोन पावलं चालून जात, परत येत आणि तिसऱ्यांदा पाना लावत. "एकदा बघून घेऊ. गाफील नाय ऱ्हायचं." एकदा मी इंदिरानगरला घरी पोचून चहाचा कप तोंडाला लावतोय, तोच दारात सायकलची घंटा वाजली. घामाघूम झालेले अण्णा! "सायेब, मागच्या चाकाचा नट आवळला का ओ मी?" आवळला होता. त्यांनी तो पुन्हा आवळला आणि चहा न घेता गेले. तेव्हापासून स्कूटरवर बसलो की माझाही सगळा जीव मागच्या चाकात असतो.

स्वतःच्या डोक्यावर त्यांचा काडीचा भरवसा नव्हता. इंजिनात प्लग कोणत्या क्रमाने पेटतात ते आकडेसुद्धा, १-३-४-२, मनगटाच्या वर गोंदवलेले. "कागद तेलात भिजतो, खडू पुसतो. कातडं कुठं जातंय?" गिऱ्हाइकांनाही ते गोंदणाचे सल्ले देत. टॅक्सीवाल्याने उजव्या पायावर ब्रेक गोंदवावा. मला त्यांनी पेट्रोलचा कॉक सुचवला होता, कारण तो उघडायला मी नेहमी विसरायचो.

एक गोंदण मात्र कळत नव्हतं. हाताच्या आतल्या बाजूला, कोपराच्या अलीकडे, हिरव्या ठिपक्यांची एक रांग होती. बारा-तेरा ठिपके, मध्ये जेमतेम तांदळाचा दाणा मावेल एवढं अंतर. शेवटचा सगळ्यांत ठसठशीत. एकाला ते सांगत, फॅनच्या पट्ट्याचं माप. दुसऱ्याला, ऑइलचं. मला म्हणाले, "जागा उरली होती."

अण्णांची बायको गेली तेव्हा त्यांची मुलगी शालन चार वर्षांची होती. ती सायखेड्याला आत्याकडे वाढली आणि मॅट्रिक झाल्यावर बापाकडे आली. तिच्यासाठी स्थळ मीच आणलं. मुलगा माझ्या ऑफिसातला, वडील पिंपळगावचे निवृत्त शिक्षक. गुरुजी फार कडक. म्हणून जाता जाता मी अण्णांना एवढंच म्हणालो, "त्या दिवशी पूर्ण बाह्यांचा शर्ट घाला." म्हणालो आणि फसलो.

"का ओ? गोंदणाला नावं ठेवतील?"

"तसं नाही, पण..."

"गोंदण निघतं का ओ? रॉकेलनं?"

चार दिवस हेच. पाचव्या दिवशी मी त्यांना एक नट एकदाच आवळून पुढे जाताना पाहिलं आणि तो नट मीच पुन्हा आवळून घेतला.

रविवारी गुरुजी, त्यांची बायको आणि मुलगा आले. मे महिना, पत्र्याची खोली, आणि अण्णा मनगटापर्यंत बटणं लावून घामाने निथळत बसलेले. गुरुजींनी शिक्षण विचारलं. "सातवी. नाय, सहावी. थांबा, दाखला बघून सांगतो." मी डोळे मिटून घेतले.

पोह्यांची बशी पुढे करताना अण्णांनी एकदम हात आखडला. बाहीवर रक्ताचा डाग उमटला होता.

"अगंबाई, काय झालं हाताला?" गुरुजींच्या बायकोने विचारलं.

"सायलेन्सर लागला."

"खोटं," शालन म्हणाली. पोरगी बापासारखी घाबरट मुळीच नव्हती. "पॉलिशपेपरनं गोंदण घासतायत. तुम्ही नावं ठेवाल म्हणून."

संपलं सगळं, असं मला वाटलं. मी पोह्यातल्या शेंगदाण्यांकडे बघत बसलो. पण बाई उठल्या, शालनकडून खोबरेल मागून घेतलं आणि त्यांनी स्वतःच अण्णांची बाही वर सारली. पाना, पिस्टन, आकडे, सगळं सोलून लाल झालेलं. फक्त ठिपक्यांच्या रांगेला ओरखडासुद्धा नव्हता.

"आणि हे बरं ठेवलंत?"

अण्णांनी शालनकडे पाहिलं, मग जमिनीकडे. "ते तिच्या पायाचं माप हाय, ताई. ती सायखेड्याला, मी हितं. पयल्या साली दोऱ्यानं माप घेतलं, दोरा हरवला. अंदाजानं चपला नेल्या. आखूड झाल्या. पोर दिवसभर टाचा बाहेर काढून हिंडली, पण बोलली नाय. सांजच्याला बघतो तर पायाला फोड. तवापासून दर साली दुपारची ती झोपली की हात लावून बघायचो. मनगटाच्या घडीवर टाच, अंगठा येईल तिथं पेनानं खूण, अन् मग गडावर जाऊन ठिपका. लोक लय विचारायचे, म्हणून बाजूला पाना काढून घेतला. ते आकडे तर मला पाठच हायेत."

"मला वाटायचं, आत्या माप कळवते," शालन म्हणाली.

"आता तीन सालं झाली, पाय वाढायचा थांबला," अण्णा म्हणाले. "पण जातो. हाय तिथंच पुन्हा गोंदवून घेतो."

गुरुजी वाकले, चष्मा वर करून हात निरखला आणि म्हणाले, "मिस्त्री, यातला पाना कुठला?"

"तो मासा, गुरुजी."

बाईंनी पदराच्या काठाचा एक दोरा ओढून काढला. "लग्नातल्या वहाणा आमच्याकडून," त्या म्हणाल्या. अण्णांच्या मनगटाच्या घडीवर त्यांनी दोऱ्याचं टोक ठेवलं, शेवटच्या ठसठशीत ठिपक्यापर्यंत नेलं आणि तिथे गाठ मारली.

"ताई, एकदा बघून घ्या," अण्णा म्हणाले. "गाफील..."

बाईंनी दोरा पुन्हा हातावर धरला आणि दुसऱ्यांदा मापला. शालन दोन हातांच्या अंतरावर अनवाणी उभी होती. तिचा पाय मापायचं कुणी नावही काढलं नाही.